जुनी गाडी, अकरा महिने आणि राहून गेलेला एक रिकॉल

गेल्या दसऱ्याला आम्ही सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. दोन मालक झालेले, ४८,००० किलोमीटर, एमएच-१२ पासिंग. आता गणपती आलेत आणि मीटर ६१,००० च्या पुढे गेलंय. रोज धायरी ते शिवाजीनगर ऑफिस, महिन्यातून एकदा साताऱ्याला आई-बाबांकडे. गावात १५, हायवेला १९ चं ॲव्हरेज मिळतं, एसी झकास, लांबच्या प्रवासातही कंबर दुखत नाही. गाडी मला आवडते, हे आधीच सांगते. कंपनीचं नाव मात्र घेत नाही. जे माझ्या गाडीत झालं ते कुठल्याही कंपनीच्या जुन्या गाडीत होऊ शकतं, आणि मला त्याबद्दलच लिहायचंय.

घेताना बघायचं ते सगळं बघितलं होतं. मावसभावाला सोबत नेलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ नाही ना ते पाहिलं. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, ते सिंहगड रोडवाल्यांना सांगायला नको. टायर, क्लच, इन्शुरन्सचे क्लेम, बँकेचा बोजा उतरलाय की नाही, सगळं तपासलं. एकच गोष्ट ना मी विचारली, ना विकणाऱ्याने सांगितली. या गाडीचा एखादा रिकॉल, म्हणजे दोष सापडला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावून फुकट करून द्यायची दुरुस्ती, बाकी आहे का?

नोव्हेंबरात सकाळचा पहिला स्टार्टर लांबायला लागला. चौथ्या गिअरला पिकअप घेताना मधूनच बारीक झटका बसायचा. पेट्रोल खराब असेल म्हणून दुसऱ्या पंपावर भरून पाहिलं. प्लग बदलले. आठवडाभर बरं वाटलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी साताऱ्याहून परत येत होतो. मागे आई आणि माझा मुलगा. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उताराला लागलो आणि इंजिन बंद पडलं. ना आवाज, ना धूर. ॲक्सिलरेटर दाबतेय आणि काहीच होत नाही. पुढच्या क्षणी स्टिअरिंग दगडासारखं जड. हा उतार पुणेकरांना माहितीये. अवजड ट्रक इथे न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक निकामी होतात आणि पुढच्या गाड्या चिरडल्या जातात. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणारा बूस्टर उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच साथ देतो, नंतर पेडल लाकडासारखं होतं. हे मला ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी कधीतरी सांगितलं होतं आणि नेमकं तेव्हा आठवलं. हॅझर्ड लावला, ब्रेक पुन्हापुन्हा न मारता एकदाच दाबून धरला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत गाडी डाव्या कडेला घेतली. आई आणि मुलाला रेलिंगपलीकडे उभं केलं. मागून येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नचा आवाज अजून कानात आहे.

दहा मिनिटांनी गाडी चालू झाली, पण मी ती चालवली नाही. टोइंग करून धायरीतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजला नेली. तिथल्या मामांनी दुसऱ्या दिवशी गेज लावून इंधनाचं प्रेशर मोजलं. चालू केल्यावर बरोबर, गरम झाल्यावर काटा खाली.

"ताई, पंप गेलाय. टाकीतला," ते म्हणाले. "मी बसवून देईन, पण थांबा. या मॉडेलचे पंप कंपनीने मागे परत बोलावले होते. आधी कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून बघा. फुकट होत असेल तर माझ्याकडे कशाला पैसे घालवता?"

हातातलं काम सोडून देणारा असा माणूस भेटणं हे माझं भाग्य. त्या दिवसापासून घरातल्या दोन्ही दुचाकीही त्यांच्याकडेच जातात.

कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकला तर 'नंबर सापडत नाही'. दोन दिवस हेच. शेवटी बॉनेट उघडून मोबाइलच्या उजेडात नंबर वाचला, तेव्हा कळलं की आरसीवरून उतरवताना मी शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकत होते. सतरा आकडी चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, नेमका हा घोळ टाळण्यासाठी. दिसेल ते शून्य किंवा एकच समजायचं. बरोबर नंबर टाकल्याबरोबर स्क्रीनवर आलं: फ्युएल पंप, रिकॉल बाकी. मी गाडी घ्यायच्या कितीतरी आधी जाहीर झालेला.

मग आम्हाला कळलं कसं नाही? पत्र आणि मेसेज कंपनीच्या नोंदीतल्या मालकाला जातात, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या. संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी माझ्या नावावर झाली, पण त्याने कंपनीच्या कॉम्प्युटरमधलं नाव बदलत नाही. पहिल्या मालकाने पत्र पाहिलं नसेल, किंवा तोवर गाडी विकली असेल. रिकॉल मात्र गाडीला चिकटलेला असतो, मालकाला नाही. दुसरा असो की चौथा, पार्ट आणि मजुरी दोन्ही मोफत, वॉरंटी संपलेली असली तरी.

हा दोष फक्त एका कंपनीचा नाही. टाकीतल्या पंपात प्लास्टिकचा छोटा पंखा असतो. त्याचं मटेरियल कमी घनतेचं असेल तर तो पेट्रोल शोषून फुगतो, बाहेरच्या कवचाला घासतो आणि पंप अडकतो. एकाच पुरवठादाराचे पंप अनेक ठिकाणी जात असल्याने २०२० पासून जगभर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या यासाठी परत बोलावल्या गेल्या.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव संमिश्र. काउंटरवरच्या मुलाने आधी "वॉरंटी संपलीये मॅडम" म्हणत १४,००० रुपयांचं एस्टिमेट काढलं. मी स्क्रीन दाखवली, तेव्हा आत जाऊन आला आणि मग सूर बदलला. पार्ट यायला नऊ दिवस लागले. तोवर गाडी पार्किंगमध्येच ठेवली. मागची सीट उचलून खालचं झाकण काढतात, तिथून पंप बाहेर येतो. चार तासांचं काम.

दुसऱ्या दिवशी टाकी फुल केली आणि मागच्या सीटवर पेट्रोलचा वास. "दोन दिवसांत जाईल" असं फोनवर सांगितलं, पण मी ऐकलं नाही, गाडी परत नेली. सीट उचलायला लावली आणि शेजारी उभी राहिले. झाकणाखालची गोल रबरी सील एका बाजूला मुडपली होती, तिच्या कडेला पेट्रोलचा ओलसर चकाकता डाग. नवी सील माझ्यासमोर बसवून घेतली. त्यानंतरच्या आठ महिन्यांत एक झटका नाही. जॉब कार्डवर रिकॉलचा कोड लिहून घेतला आणि नोंदीतला माझा पत्ता-मोबाइलही तिथेच बदलून घेतला.

कायद्याचंही थोडं सांगते. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेची रिकॉलसाठी ऐच्छिक आचारसंहिता होती. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम ११०अ आणलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, दंड १ कोटीपर्यंत. सक्तीच्या रिकॉलला गाडी सात वर्षांच्या आतली लागते. कंपन्या स्वतःहूनही मोठे रिकॉल करतात. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-६ या मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट हा विजेचा भाग तपासायला बोलावल्या. दुरुस्ती होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असंही सांगितलं होतं. यातली एखादी गाडी तिसऱ्या हाताने पुण्यात आली आणि मालकाला हे ठाऊकच नसेल, तर जुलैत तो काय करणार?

मला सगळ्यात जास्त काळजी एअरबॅगची वाटते. पंप निदान झटके देतो, एअरबॅग आधी काहीच सांगत नाही. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन ते बिघडतं, मग अपघातात एअरबॅग उघडताना धातूचं कवच फुटून तुकडे थेट माणसावर येतात. जगातला सर्वात मोठा रिकॉल याचाच. कोकणातून किंवा मुंबईहून आलेली जुनी गाडी घेत असाल तर चासी नंबर टाकल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

हे सगळं झाल्यावर मी घरातल्या सगळ्यांचे नंबर मागवले. रत्नागिरीला माझ्या मोठ्या नणंदेकडे जुनी सेडान आहे. डाव्या बाजूच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर बदलायचा राहिलेला निघाला. वन्सं आधी म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं चालतेय की." मी दोनदा फोन केला. आता पार्टची ऑर्डर गेलीये, आणि तो येईपर्यंत वन्सं मागच्या सीटवर बसतात.