हातातला मोबाइल की जुना डीएसएलआर?

बेळगावजवळच्या येळ्ळूरचा भाचा वीस हजार रुपये साठवून बसलाय. ‘मामा, जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, घेऊ की मोबाइलवरच फिल्म करायला शिकू?’

आधी खर्च. वीस हजारांत जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, मिळेलही, पण लेन्स, बॅटरी, कार्ड म्हणत पुन्हा खिशात हात जातो. मोबाइल आहेच. त्याला कॉलरचा माइक आणि ट्रायपॉड घेतला तरी बरेच पैसे उरतात.

आवाजात दोघेही कच्चे. राजहंसगडावर वारा सुटला की दोन्हीकडे नुसतं भर्रर्र. माइकला फरची टोपी हवीच.

उजेड कमी असला की कॅमेरा जिंकतो. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, मोठा, त्यामुळे कार्यालयातल्या मंद दिव्यांत नवरीच्या चेहऱ्यावर चित्रात रवाळ दाणे कमी येतात. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, ते मात्र मोबाइलचं पाप नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणारी; दिवेही तिच्या तालावर लुकलुकतात. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवायचं. हे कळेपर्यंत मी एक अख्खं बारसं लुकलुकत काढलं होतं!

शिवाय बरेच जुने डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवतात, नेमकं कीर्तन रंगात आल्यावर.

रोजच्या सरावाला मोबाइलच. दिवसा भाताची मळणी टिपायची, रात्री मोबाइलवरच त्या चित्रणाची कापाकापी, म्हणजे एडिटिंग.

लग्नांच्या ऑर्डरी घ्यायच्या तर कॅमेरा, तोही कुणाच्या हाताखाली एक सीझन काढून. कुंद्याच्या (आपल्या बेळगावी मिठाईच्या) दुकानाचे रील, गावातले लघुपट करायचे तर मोबाइल. भाच्याने माइक घेतला. उरलेल्या पैशांत आईला मिक्सर.