फ्रान्सच्या खेड्यात घर: बूरमध्ये की वाडीवर?

क्रूझसारख्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यात घर शोधताना पर्याय मुळात दोनच. दुकानं, शाळा, दवाखाना असलेलं मोठं गाव, म्हणजे 'बूर'. नाहीतर तिथून सात-आठ किलोमीटरवरची पाच-दहा घरांची वाडी, 'आमो'. वाडीवरचं घर स्वस्त पडतं, मागे जमीनही ऐसपैस मिळते. फरक खिशाला जाणवतो तो नंतर.

आधी सांडपाणी बघा. बूरमधलं घर बहुधा सार्वजनिक गटाराला जोडलेलं असतं, वाडीवर सेप्टिक टँक. विकणाऱ्याला टाकीच्या तपासणीचा तीन वर्षांच्या आतला अहवाल द्यावाच लागतो. त्यात ती नियमात बसत नसल्याचा शेरा असेल, तर दुरुस्तीचं काम घर विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं, तेही खरेदीपासून वर्षभरात. नवी यंत्रणा बरेचदा दहा हजार युरोंच्या पुढे जाते, तेव्हा घासाघीस या कागदावरूनच करावी. राहायला गेल्यावर गाळ टाकीच्या निम्म्यापर्यंत आला की उपसून घ्यायचा. ब्लीच सढळ हाताने ओतलं तर मैला कुजवणारे जिवाणू मरतात, आणि तळणीच्या तेलाने पाइप तुंबतो.

जळाऊ लाकूड दोन्हीकडे लागतं, वाडीवर जास्त. ते 'स्टेर'वर विकतात: मीटरभर लांबीचे ओंडके रचून एक घनमीटर. तेच 33 सेंमीचे तुकडे करून रचले की ढीग जेमतेम 0.7 घनमीटर भरतो. यात लबाडी नाही, मधल्या फटी कमी झालेल्या असतात. लबाडी असते ती ओल्या लाकडात. ओलावा 20 टक्क्यांच्या वर गेला की शेगडीची काच काळवंडते, धुराड्यात डांबर साचतं आणि तेच पुढे पेट घेतं.

पावाचं दुकान बूरमध्ये चालत जाण्याच्या अंतरावर. वाडीवर फारतर पाववाल्याची गाडी येते, तीही ठरलेल्या वारी. पोळ्यांना टी110, म्हणजे थोडा कोंडा ठेवलेलं गव्हाचं पीठ, सुपरमार्केटात मिळतं, मसूर डाळ 'लांती कोराय' नावाने. तूरडाळ मात्र मागवावी लागते.

डॉक्टरचा प्रश्न बूरमध्येही सुटेलच असं नाही. दवाखाना असला तरी नवे रुग्ण घेतात का, हे आधी फोन करून विचारा. आपला नेहमीचा डॉक्टर म्हणून एकाचं नाव सरकारी आरोग्य विम्याकडे नोंदवायचं असतं; त्याला सोडून परस्पर दुसऱ्याकडे गेलं, तर विम्याचा परतावा साधारणपणे 70 टक्क्यांवरून 30 वर येतो.

भारतीय लायसन्स फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यापासून साधारण एकच वर्ष चालतं. घरात गाडी चालवणारं एकच माणूस असेल तर वाडीचा विचार सोडा. दुसरं माणूस घरात अडकून पडतं. लायसन्स दोघांकडे असेल आणि टाकीचा अहवाल स्वच्छ असेल, तर वाडी खुशाल घ्या. मात्र घर बघायला जूनमध्ये जाऊ नका. जानेवारीतला सोमवार गाठा, दुपारी एक वाजता: बरीच दुकानं त्या दिवशी बंद, उरलेली जेवणाच्या सुट्टीत, आणि गार भिंतींची ओलही हाताला लागते.