वडाळ्याच्या गॅरेजमध्ये बदलून घेतलेल्या पुढच्या स्प्रिंगा

आमची २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक गेली अकरा वर्षे प्रभादेवीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्यावरच उभी राहत आली आहे. यंदा एप्रिलमध्ये गतिरोधकावरून अगदी सावकाश उतरतानाही पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खण्ण’ असा आवाज येऊ लागला आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना काहीतरी अडकून सुटल्यासारखा झटका हाताला जाणवू लागला. आधी ज्या गॅरेजमध्ये गेले, तेथे गाडी न उचलताच दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. तो खर्च करण्यापूर्वी आणखी एकाचे मत घ्यावे म्हणून मी वडाळ्याच्या एका लहान गॅरेजमध्ये गेले, आणि हे परीक्षण त्या गॅरेजच्या कामाचे आहे.

तेथील मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी मोजपट्टी काढली. चारही टायरांतील हवा सारखी करून, गाडी सपाट फरशीवर उभी करून, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी दोन्ही बाजूंना मोजले, तेव्हा डावी बाजू १८ मिलिमीटरने खाली बसलेली आढळली. शॉकअप खराब झाला की गाडी हेलकावे खात राहते. पण गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंगचे असते, त्यामुळे उभी गाडी एका बाजूला कलली असेल तर पहिला संशय स्प्रिंगवर घ्यायला हवा, हे त्यांनी मला न विचारता समजावून सांगितले. मग गाडी वर घेऊन त्यांनी स्प्रिंगची खालची बैठक पाण्याने धुतली, तारेच्या ब्रशने घासली आणि बॅटरीच्या उजेडात दाखवले : सर्वांत खालचा वेढा तुटला होता आणि त्याचा बोटभर लांबीचा तुकडा चिखलात रुतून बसला होता.

तुटण्याची जागा हीच का, याचे उत्तर आपल्या शहरात दडलेले आहे. खालचा वेढा जेथे टेकतो, तेथे खडी आणि वाळू अडकून तारेवरचे संरक्षक आवरण घासले जाते; पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईत त्या बैठकीत पाणी साचते, खारी हवा गंजाला हातभार लावते, गंजाने पडलेल्या बारीक खळग्यातून भेग सुरू होते आणि खड्ड्याखड्ड्यागणिक ती आत सरकते. तारेचा व्यास स्प्रिंगच्या ताकदीसाठी किती नाजूक बाब आहे, हे एका हिशेबावरून कळेल : १२ मिलिमीटरची तार सर्वत्र झिजून ११ मिलिमीटर झाली, तर स्प्रिंगचा कडकपणा सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. तुटलेले टोक टायरच्या भिंतीला लागले तर भरधाव गाडीचा टायर फाटू शकतो; म्हणून असा आवाज येत असताना द्रुतगती महामार्गावर गाडी नेऊ नये, असे मी कळकळीने सांगेन.

वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर टाकून उंची भरून काढता येईल का, असे मी विचारले. त्यांनी स्पष्ट नकार दिला, आणि तो मला पटला. बफरमुळे काही वेढ्यांची हालचाल रोखली जाते, उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो आणि मूळ भेग तशीच राहते. उजवी स्प्रिंग अखंड असताना तीही का बदलायची, यावर त्यांचे उत्तर होते, “ताई, एकच बदललीत तर गाडी एका अंगावर चालेल.” कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग स्वस्तात मिळतात; परंतु जुन्या स्प्रिंगने किती खड्डे सोसले आहेत हे बाहेरून कळत नाही, म्हणून आम्ही कंपनीच्या नव्या स्प्रिंगा मागवल्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचे इंजिन कमी-अधिक वजनाचे असल्याने स्प्रिंगाही वेगळ्या असू शकतात. त्यामुळे भाग क्रमांक आणि तारेवरच्या रंगाच्या खुणा त्यांनी जुन्या स्प्रिंगशी ताडून पाहिल्या.

प्रत्यक्ष काम साडेतीन तास चालले. दाबलेली स्प्रिंग अचानक सुटली तर जीवावर बेतू शकते, आणि येथे ती दाबण्यासाठी भिंतीला पक्का केलेला कॉम्प्रेसर आहे, ही मला या गॅरेजची सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. स्प्रिंग-शॉकअपची जोडी वरून गाडीला जोडणारी माउंटिंग आणि स्टिअरिंग वळवताना तिला फिरू देणारी बेअरिंग झिजलेली होती, तीही त्याच वेळी बदलली. शॉकअप मात्र गळत नसल्याने तसेच ठेवले. सर्व मिळून ९,४०० रुपये झाले आणि जुने भाग मला परत मिळाले.

उणिवाही आहेत. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची ही जोडी, काढल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करावेच लागते, पण ती सोय येथे नसल्याने मला दुसऱ्या दिवशी माटुंग्याला जावे लागले, आणि हे आधी सांगितले गेले नव्हते. बिलावर भाग क्रमांकही मी आग्रह धरल्यावरच लिहिले गेले. दोन महिन्यांनी, भर पावसात, मी तीच दोन अंतरे पुन्हा मोजली. फरक २ मिलिमीटर भरला, आणि आवाज पूर्ण थांबला आहे. आता दर पावसाळ्यानंतर खालच्या बैठका धुऊन तपासून घेण्यासाठी मी गाडी येथेच आणणार आहे.