किनाऱ्याची झीज मोजायची: उपग्रहाच्या चित्रावरून की वाळूत उतरून?

किनारा मागे हटतोय हे डोळ्यांना दिसतच असतं. किती आणि कुठून, हे सांगायची वेळ आली की पद्धत निवडावी लागते. बहुतेकांपुढे दोन वाटा असतात. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या उपग्रहांची मोफत चित्रं उतरवून त्यांतून पाणरेषा काढायची, किंवा ठरलेल्या रेघांवर आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा आणि उंची देणारं उपग्रह-यंत्र) घेऊन दर महिन्याला प्रोफाइल, म्हणजे वाळूच्या उंचसखलपणाचा छेद, घ्यायचं. दोन्हींचा अनुभव घेतल्यावर माझा कल वाळूत उतरण्याकडे आहे. तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकेल, म्हणून कारणं नीट सांगतो.

उपग्रहाची एक बाजू वादातीत आहे: मागचा काळ. लँडसॅट-५ ची ३० मीटरची चित्रं १९८४ पासूनची आहेत, सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासूनची. आज वाळूतल्या मोजणीसाठी पहिला खांब रोवणाऱ्याला १९९० चा किनारा कोणत्याही यंत्राने परत मिळणार नाही. शिवाय शेकडो किलोमीटरचा किनारा एका टेबलावर बसून पाहता येतो. रेषा काढताना चित्रातल्या हिरव्या आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड या दोन प्रकाश-पट्ट्यांचा निर्देशांक (हिरव्यातून इन्फ्रारेड वजा, भागिले दोघांची बेरीज) घ्यायचा, उंबरठा (पाणी आणि वाळू वेगळी करणारी किंमत) ठरवायचा आणि पिक्सेलच्या कडेवरून नव्हे, तर त्या किमतीची समोच्च रेषा काढायची. म्हणजे पिक्सेलच्या आतली जागा मिळते. वाळूच्या किनाऱ्यावर अशा रेषेची चूक साधारण १० ते १५ मीटर राहते, आणि ३० मीटरच्या पिक्सेलमधून एवढं मिळणं ही मोठीच गोष्ट आहे.

इथे चुका ठरलेल्या असतात. उंबरठा आपोआप ठरवताना चित्रात मागची झाडी आली तर तो सरकतो. म्हणून वाळू आणि पाणी यांचाच अरुंद पट्टा कापून घ्यावा. लाटांचा पांढरा फेस वाळूत गणला जातो, भिजलेली वाळू पाण्यात. लँडसॅट-७ च्या मे २००३ नंतरच्या चित्रांत काळे पट्टे आहेत, तिथली रेषा जोडून घेऊ नये. आणि झीज नेमकी होते त्या वादळी दिवसांत आकाश ढगांनी भरलेलं असतं.

हे सगळं निभावून नेता येतं. माझ्यासाठी निर्णय केला तो भरतीने.

उपग्रहाला किनारा दिसत नाही, त्या क्षणाची पाणरेषा दिसते. समजा, चित्र टिपलं तेव्हा पाणी सरासरी समुद्रपातळीच्या १.२ मीटर वर होतं. उतार १:१५ (१५ मीटरमागे १ मीटर) असेल तर पाणरेषा १८ मीटर जमिनीकडे दिसेल. वादळाने वाळू ओढून नेल्यावर तोच उतार १:२५ झाला, तर ती ३० मीटर आत दिसेल. दुरुस्तीचं सूत्र सोपं आहे: पाण्याची उंची भागिले उतार. पण जुनाच उतार धरून दुरुस्ती केली तर इथे १२ मीटरची चूक शिल्लक राहते. वर्षाला अर्धा मीटर झिजणाऱ्या किनाऱ्यावर ही २४ वर्षांची झीज झाली!

चित्रं वाढवली की सरासरीत भरती जिरून जाईल, असं सगळ्यांना आधी वाटतं. ती जिरत नाही. हे उपग्रह सूर्याशी जुळलेल्या कक्षेत फिरतात, त्यामुळे स्थानिक सूर्यवेळेप्रमाणे दरवेळी सकाळी साधारण दहा ते साडेदहाच्या सुमारास येतात. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर उधाणाची भरतीही दरवेळी घड्याळाच्या जवळपास त्याच वेळी येते. ती दुपारी बाराच्या आसपास येत असेल, तर उधाणाच्या दिवसांतल्या सगळ्या चित्रांत पाणी वर चढलेलं मिळेल आणि उधाणाची ओहोटी एकाही चित्रात सापडणार नाही. मग शंभर चित्रं घ्या की पाचशे, एकांगीपणा तोच राहतो. उपग्रहाची वेळ कायम राहिली तर झिजीच्या दराला याचा त्रास कमी होतो. पण लँडसॅट-५ ची वेळच वर्षांगणिक सरकत गेली होती, आणि पुढे इतर उपग्रहांची चित्रं जोडली की पुन्हा फरक पडतो.

दुरुस्तीसाठी उतार हवा. तो चित्रांवरूनही काढता येतो, पण तो अनेक वर्षांचा सरासरी उतार असतो. त्या महिन्याचा खरा उतार हवा असेल तर वाळूत उतरावंच लागतं. आणि एकदा उतरल्यावर किनाराच हातात येतो, मग पाणरेषेवरून तो ताडायचा कशाला, असा प्रश्न मला पडला.

दोनच चित्रांवरून दर सांगणाऱ्यांनी एक हिशोब जरूर करावा. प्रत्येक रेषेची चूक १२ मीटर धरली तर दोघींची मिळून सुमारे १७ मीटर होते. मधलं अंतर १० वर्षांचं असेल, तर वर्षाला १.७ मीटरपेक्षा कमी झीज त्यांवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. सगळ्या तारखांची स्थानं घेऊन त्यांतून एक सरळ रेषा बसवली आणि तिच्यावरून दर काढला तर परिस्थिती बरीच सुधारते. जुन्या नकाशावरची भरतीची खूण मात्र चित्रातून काढलेल्या नव्या समोच्च रेषेशी थेट ताडू नये. लाटा चढून उमटलेली ती खूण मुळातच जमिनीकडे असते, त्यामुळे झिजलेला किनाराही पुढे सरकल्यासारखा दिसतो.

आता वाळूतली बाजू. रेघा किनाऱ्याला काटकोनात, १०० ते २०० मीटर अंतराने आखाव्यात. प्रत्येक रेघेच्या मागे, वादळाची लाट पोचणार नाही अशा जागी काँक्रीटचे दोन खांब एकामागोमाग रोवावेत. एका खांबाने सुरुवात ठरते, दिशा मात्र दुसऱ्यानेच पक्की होते. एकच खांब असेल तर पुढच्या महिन्यात रेघ चार अंशांनी फिरते, आणि १०० मीटरवर ती सात मीटर बाजूला गेलेली असते.

उधाणाच्या ओहोटीच्या तास-सव्वा तास आधी सुरुवात करून पाण्यामागोमाग कमरेएवढ्या पाण्यापर्यंत जावं. बिंदू दर तीन ते पाच मीटरवर आणि उतार मोडतो त्या प्रत्येक जागी घ्यावा. तुटलेल्या कड्याचा माथा आणि पायथा दोन्ही हवेत; एक राहिला तर कड्याची तिरकी उतरण होते आणि घनफळ चुकतं. रोव्हर (आरटीकेचा हातात धरून फिरवायचा भाग) फिक्स्ड, म्हणजे जागा पक्की झाल्याचं, दाखवत असेल तरच बिंदू नोंदवावा; फ्लोटवर, म्हणजे ती अजून ढोबळ असताना, अजिबात नको. सुरुवातीला आणि शेवटी त्याच खांबावर पोल (रोव्हर बसवलेली काठी) टेकवून उंची तपासावी. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवसाचं काम संशयास्पद. बहुधा पोलची उंची चुकीची भरलेली असते, किंवा जिऑइड मॉडेल (यंत्राची उंची समुद्रपातळीपासूनच्या उंचीत बदलणारा तक्ता) मागच्या वेळचं नसतं.

सगळ्यात हलकी वाटणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पोलचं टोक. कोरड्या भुसभुशीत वाळूत अणकुचीदार टोक तीन सेंटिमीटर सहज रुततं. १०० मीटर रुंद वाळूवर त्याचे किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे ३ घनमीटर होतात, आणि कागदावर ती झीज म्हणून उतरते. टोकाला तळहाताएवढी सपाट चकती बसवा, आणि दर महिन्याला तीच वापरा.

आरटीके परवडत नसेल तरी अडत नाही. सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी १९६१ साली मांडलेली पद्धत म्हणजे खुणा केलेल्या दोन सारख्या दांड्या, मधे ठरावीक लांबीची दोरी आणि समोर क्षितिज. उतार समुद्राकडे असेल तर पुढच्या दांडीचा माथा क्षितिजाशी जुळवायचा. ती नजर मागच्या दांडीला जिथे छेदते, तिथलं माथ्यापासूनचं अंतर हाच उतरलेला फरक. ऑस्ट्रेलियातल्या नॅराबीन किनाऱ्यावर १९७६ पासून दर महिन्याला होणारी मोजणी अशाच दांड्यांनी सुरू झाली, आरटीके नंतर आलं. चित्रांतून पाणरेषा काढणाऱ्या कोस्टसॅट या सॉफ्टवेअरची पारखही याच मोजणीवर झाली आहे.

ड्रोनविषयी थोडक्यात. वाळूच्या टेकड्या आणि कडे यांच्यासाठी तो उत्तम. पण ओल्या गुळगुळीत वाळूवर दोन फोटो जुळवायला खुणाच मिळत नाहीत, आणि नेमका तोच पट्टा आपल्याला हवा असतो. गवत असेल तिथे तो गवताचा माथा मोजतो.

तुमच्यापुढे लांबलचक किनारा असेल आणि कुठे लक्ष द्यायचं एवढंच ठरवायचं असेल, तर उपग्रहच घ्या. दोन-तीन किलोमीटरचा एक पट्टा सांभाळायचा असेल, किती वाळू गेली आणि शांत ऋतूत किती परत आली हे सांगायचं असेल, तर मी तरी खांब रोवूनच सुरुवात करेन. महिन्यातली एखादी मोजणी उपग्रह येण्याच्या दिवशी आणि त्याच सुमारास ठेवा. ओहोटी नसली तरी चालेल. कोरडा भाग मोजून झाला की उपग्रह येण्याच्या वेळी प्रत्येक रेघेवर पाणी जिथे टेकलंय तिथे एक बिंदू घ्या. वर्षभरात असे आठ-दहा दिवस साधले, तरी तुमच्या किनाऱ्यावर चित्रातली रेषा किती आणि कुठल्या बाजूला चुकते ते कळतं, आणि तीच दुरुस्ती १९८४ पर्यंत मागे नेऊन पाहता येते.