कोकणातल्या उकाड्यात पीसी गार ठेवायचाय: टेबल फॅन, कूलर की आणखी काही?

नागपूर-अकोल्यात पारा ४४ ला टेकतो, तेव्हा रत्नागिरी-मालवणात तो ३३-३४ च्या आसपासच असतो. तरी तिकडचे जुगाड इथे जसेच्या तसे आणू नका. आपल्या हवेत ओल आहे आणि खारही, आणि पीसीला दोन्ही बाधतात.

पाण्याचा कूलर काय नि दारावरचा ओला पडदा काय, दोन्हींत पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. इथे ७० टक्के आर्द्रतेत पाणी धड उडतच नाही. ३३ अंशांची हवा कितीही ओली केली तरी २८ च्या खाली उतरत नाही, खोली मात्र कोंदट होते. शिवाय आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. मदरबोर्डवर बसलेला खार असा पाझरला की गंज धरलाच म्हणून समजा. त्यामुळे कूलर माझ्याकडून बाद.

कॅबिनेटजवळ बर्फाची बाटली तर त्याहून वाईट. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच इथे साधारण २७ अंशांहून गार झालेल्या कशावरही पाणी धरतं.

कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबल फॅन लावणं खरंच लागू पडतं, खर्चही नाही. पण समुद्राजवळच्या घरातलं असं उघडं कॅबिनेट नीट बघा: स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस गंज, पंख्याच्या पात्यांवर राखाडी चिकट थर. फुंकरीने तो उडत नाही, ब्रशनेच खरवडावा लागतो. वर पाली आणि मुंग्या आत शिरतात त्या वेगळ्याच. म्हणून हे चार दिवसांची नड भागवण्यापुरतं. कायमचं हवं तर काहीशे रुपयांचा जास्तीचा कॅबिनेट फॅन मागे, गरम हवा बाहेर फेकेल असा बसवा आणि झाकण लावूनच ठेवा.

मी सगळ्यात आधी सांगेन तो उपाय फुकटचा आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेला आपला वेग वाढवणं, बंद होतो आणि प्रोसेसरची उष्णता बरीच उतरते. गेम आणि व्हिडिओ एडिटिंग मंदावतं. बिलं, टायपिंग, ऑनलाइन क्लास यांत फरक जाणवत नाही.

जागाही बदला. पत्र्याखालच्या किंवा स्लॅबच्या वरच्या खोलीपेक्षा चिऱ्याच्या घराचं माजघर कधीही बरं. दुपारी खारे वारे सुटले की पीसीजवळची समुद्राकडची खिडकी लावून घ्या, आणि रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल तयार करणं) यासारखं जड काम पहाटे, मतलई वारे वाहत असताना उरका.

एसी असेल तर प्रश्नच मिटला, तो ओलही काढतो. पण नुसत्या पीसीसाठी घेऊ नका. आधी आतली धूळ काढा आणि प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलिंग फॅनच्या धातूकडे नेणारी थर्मल पेस्ट जुनी, सुकलेली असेल तर बदलून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. मोकळं सोडलं तर गरगर फिरून बेअरिंग जातं.