ओल्या पेकनवर मांस स्मोक करणं: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

जुलै २०२४ ला बेरिल वादळ अमेरिकेतल्या ह्यूस्टनवरून गेलं तेव्हा आमच्या गल्लीत पेकनच्या (अक्रोडासारखं फळ देणारं झाड) एवढ्या फांद्या पडल्या की लोक ढीग करून रस्त्याकडेला लावत होते, फुकटचं लाकूड, ते पण पेकन, कोण सोडतंय! तेव्हापासून मांस स्मोक करायला, म्हणजे धुरावर मंद शिजवायला, तेच जाळतोय, आधी ओलं (म्हणजे ताजं, न वाळलेलं) आणि आता वाळलेलं.

साध्या ऑफसेट स्मोकरमध्ये (आग बाजूच्या वेगळ्या पेटीत आणि मांस शेजारच्या झाकणाच्या डब्यात असतं तो) नुसत्या ओल्या लाकडावर करायचं असेल तर सरळ नको म्हणेन. ओंडका टाकला की टोकांतून फेस येऊन चुरचुरायला लागतं, आगीची सगळी ताकद आधी ते पाणी उडवण्यात जाते, २५० फॅरेनहाइटवर धरलेलं टेंपरेचर खाली बसतं आणि दाट पांढरा धूर सुरू. पावसाळ्यात चुलीत ओलं सरपण घातल्यावर घरभर होतं ना, सेम तसं. त्यात हवा कमी केली तर अजून वाट लागते, धूर आत कोंडतो आणि झाकणाला आतून काळं चिकट पाणी सुटून खाली मांसावर टपकतं. रिब्सचा (बरगड्यांच्या मांसाचा) वरचा थर काढून आतलं निदान खाता येतं, चिकनची स्किन मात्र कडूजहर, जीभ बधिर होते.

पण ओलं म्हणजे अगदीच टाकाऊ असंही नाही हां. खाली कोळशाचा चांगला निखारा, त्यावर मनगटाएवढा एकच तुकडा आणि हवा पूर्ण उघडी, हे मस्त चालतं. नाहीतर वेगळ्या ड्रममध्ये लाकूड जाळायचं आणि नुसते निखारे फावड्याने मांसाखाली सरकवायचे, अमेरिकेतल्या कॅरोलिनात अख्खं डुक्कर भाजणारे जुने लोक असंच करतात, कडू धूर बाहेरच निघून जातो. लाकूड मात्र ढिगाने लागतं.

वाळवायचं तर आधी फोडा. मी फोडून, जमिनीपासून उचलून, वर पत्रा आणि बाजू मोकळ्या असं रचलेलं आता तयार आहे, न फोडलेले ओंडके इथल्या दमट हवेत अजून जड लागतात. लाकडातली ओल मोजणारं मॉइश्चर मीटर स्वस्त मिळतं, घ्याच, पण ताज्या फोडलेल्या बाजूला टोचा, बाहेरून कमीच दाखवतं. १५ ते २० टक्के आलं की वापरा, ३० च्या वरच्या आकड्याला फार अर्थ नसतो, ओलं आहे एवढंच समजा. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा, वाळलेलं ठण्ण वाजतं, ओलं धप्प. नुसत्या टोकाच्या भेगा बघून फसू नका, आत ओल असते.

आणि वाळलेले चंक्स (लाकडाचे तुकडे) पाण्यात भिजवायचं कोणी सांगितलं तर ऐकू नका, वर्षभर वाळवून परत ओलं कशाला करायचं.