इंदुरातला क्लेमचा वकील: आमचा अनुभव

नाव लिहीत नाही, कारण वकीलसाहेबांनीच हात जोडले. "वहिनी, कौतुक करा हवं तेवढं, पण माझं नाव-फोन टाकू नका. वकिलाला जाहिरात चालत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे." तेव्हा एवढंच सांगते: इंदूर, एम. जी. रोडच्या कोर्टापासून चालत जाण्याजोगं ऑफिस, वकील मराठी, काम बहुतेक सगळं मोटार अपघाताच्या दाव्यांचं. ओळखणारे ओळखतील.

माझी केस थोडक्यात. फूटी कोठी चौराह्यावर पुतण्याच्या अ‍ॅक्टिव्हावर मागे बसले होते. शेजारच्या कारवाल्याने इंडिकेटर न देता गाडी आमच्या अंगावर वळवली आणि आम्ही दोघं आडवे. पोराचं खरचटण्यावर भागलं. माझं उजवं मनगट मोडलं, प्लेट बसली, फिजिओथेरपी झाली, तरी हात पूर्ण वळत नाही तो नाहीच. वय 47. धंदा घरचाच: पुरणपोळी, संक्रांतीला गुळाची पोळी, दिवाळीला चकली, अनारसे, करंज्या. इंदुरात मराठी घरं काही कमी नाहीत, आणि आता सुनांना अनारशाचं पीठ करायला वेळ कुठे असतो. त्यामुळे ऑर्डरी बक्कळ होत्या.

वकील शोधायला जावं लागतं हा माझा गैरसमज हॉस्पिटलातच दूर झाला. तेच पलंगाशी येतात. ऑपरेशनची भूल नीट उतरली नव्हती आणि एक गृहस्थ फळांची पिशवी घेऊन हजर. मला वाटलं ह्यांचे कोणी मित्र असतील. तर म्हणे, खर्च तुमचा शून्य, जे मिळेल त्यातला चौथा हिस्सा आमचा, आणि इथे फक्त सही करा. कागद म्हणजे कोरा वकालतनामा, आपल्याकडचं वकीलपत्र. ह्यांनी फी आकड्यात लिहून मागितली तेव्हा गृहस्थ म्हणाले, तशी पद्धत नाही. पद्धत कोणती आहे ते आम्हाला नंतर कळलं. निकालाच्या पैशात वाटा ठरवून केस घेणं वकिलाला नियमानेच बंद आहे, आणि वॉर्डात फिरून केस गोळा करणंही. तरी सर्रास चालतं. सफरचंदं मात्र बरी होती.

आमच्या वकीलसाहेबांनी पहिल्याच भेटीत फी ठरावीक सांगितली, तीन हप्त्यांत: दावा दाखल करताना, साक्षी सुरू होताना आणि निकालानंतर. झेरॉक्स, टायपिंग, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च वेगळा, पण त्याची पावती. फी कमी नव्हती. मी घासाघीस करून पाहिली. भाजीवाला हलतो, हे हलले नाहीत.

"किती मिळतील?" असं विचारलं तर म्हणाले, "आज जो आकडा सांगेल त्याच्याकडे जाऊ नका." मग कागद ओढून दोन रस्ते समजावले. एक, मोटार वाहन कायद्याचं कलम 164. चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही, पण रक्कम बांधलेली: मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. दुसरा, कलम 166. कारवाल्याची चूक, आपलं नुकसान, सगळं पुराव्यानिशी दाखवायचं, वेळ लागतो, पण रकमेला छत नाही. पहिल्या रस्त्याचे पैसे स्वीकारले की दुसरा बंद. आणि 166 चा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकायचा, हा नियम एप्रिल 2022 पासून आहे. आमच्या ओळखीतल्या एकाने "आधी हात बरा होऊ दे, मग बघू" असा सल्ला दिला होता. त्या सल्ल्यावर बसलो असतो तर कठीण होतं.

पोलिसांच्या कागदांपायी मला थाण्यात एकदाही जावं लागलं नाही. एफआयआर, अपघाताच्या जागेचा नकाशा, एमएलसी म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेली जखमांची नोंद, कारची आरसी, विमा, ड्रायव्हरचं लायसन्स, चालानची म्हणजे आरोपपत्राची नक्कल, सगळं त्यांच्या मुंशीने, म्हणजे कारकुनाने, आणलं. खरं तर पोलिसांनीच पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाला, द्यायचा असतो. पण असतो आणि येतो यात फरक आहे, म्हणून मुंशी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. विमा कंपनीचं म्हणणं होतं की बाई गृहिणी आहे, धंद्याचा पुरावा नाही, आयकर भरत नाही, तेव्हा उत्पन्न अकुशल मजुराच्या किमान वेतनाएवढं धरा. वकीलसाहेबांनी मला घरी पाठवलं ते यादी देऊन. खाण्याचे पदार्थ विकायला लागतं ते शंभर रुपयांचं एफएसएसएआय रजिस्ट्रेशन निघालं. बँकेचं स्टेटमेंट काढलं, त्यात दिवाळीच्या आधी यूपीआयच्या नोंदी मुंगीसारख्या रांगेने. डाळ-गुळाची दुकानदाराची बिलं. माझ्या ऑर्डरींच्या वह्या, ज्यांच्यावर तुपाचे डाग होते आणि मला त्या कोर्टात द्यायची लाज वाटत होती. साहेब म्हणाले, "डाग असू द्या, नव्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही." नेहमीच्या दोन गिऱ्हाइकांची साक्षही घेतली. एका काकूंनी तर जज्जसाहेबांना पोळी किती मऊसूत असायची तेही सांगितलं. विचारलं कोणी नव्हतं.

त्याहून मोठं काम हाताचं होतं. मेडिकल बोर्डाच्या सर्टिफिकेटवर उजव्या हाताचं अपंगत्व 30 टक्के लिहून आलं. विमा कंपनीचा वकील म्हणाला, हात म्हणजे पूर्ण शरीर नव्हे, शरीराचं 10 टक्के धरा. ऐकायला बरोबरच वाटतं. पण शरीराचं किती टक्के गेलं आणि कमाईचं किती टक्के गेलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हे सांगितलंय: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण जाऊ शकते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. 2020 च्या पप्पू देव यादव निकालात टायपिंगचं काम करणाऱ्या माणसाचा हात गेला होता. हायकोर्टाने कमाईचं नुकसान 45 टक्के धरलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने 65 केलं. साहेबांनी दोन्ही निकाल मला मराठीत समजावले. कोर्टाचं काम सगळं हिंदीत, पण त्यांच्या टेबलाशी मराठी.

मग त्यांची ज्युनिअर, पोरगी चुणचुणीत आहे, माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याशी स्टुलावर बसली. म्हणाली, "काकू, पुरणपोळी करा, मी बघते." मी म्हटलं, होत नाही म्हणून तर तुमच्याकडे आले. "जितकी होते तितकी करा." कणीक तिंबायला घेतली, तर तळव्याचा जोर देताच मनगटात कळ. पुरणयंत्राचा दांडा दोन-तीन फेरे, मग डावा हात. पोळी लाटताना एकाच बाजूला जाड राहते, कारण लाटणं सरकताना मनगट जे हलकं वळायला हवं ते वळत नाही. जाड बाजू तव्यावर कच्ची राहते, पातळ बाजू फुटून पुरण बाहेर. चकलीचा सोऱ्या तर दाबताच येईना. ती प्रत्येक हालचालीपुढे लिहीत गेली: कोणती बोटं, कुठे दुखतं, किती वेळाने थांबावं लागलं. तेच सगळं शपथपत्रात आलं, आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीत तेच विचारलं: या प्लेटमुळे ही हालचाल होईल का? ही? आणि ही? माझी पोळी इतक्या बारकाईने माझ्या सासूबाईंनीही पाहिली नव्हती.

उलटतपासणीत कंपनीचे वकील गोड आवाजात म्हणाले, "चकली तो मशीन से भी बनती है?" मी म्हटलं, बनते, पण लोक मशीनची चकली दुकानातून घेतात, माझ्याकडे कशाला येतील. हेल्मेट होतं का, असंही विचारलं. होतं. मनगटाशी त्याचा संबंध काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

मध्ये लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव आला. तिथे लवकर मोकळं होता येतं हे खरं, पण तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. साहेबांनी "घ्या" म्हटलं नाही, "नका घेऊ" म्हटलं नाही, हिशेब मांडला. महिना 12,000 उत्पन्न मान्य झालं असं धरू. 40 ते 50 वयाच्या, स्वतःचा धंदा असणाऱ्याला भविष्यातल्या वाढीचे 25 टक्के, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालावरून. झाले 15,000. वर्षाचे 1,80,000. वय 46 ते 50 मध्ये, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ज्याने गुणायचं तो आकडा, 13, तो 2009 च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून. कमाईचं नुकसान 10 टक्के धरलं तर 2,34,000. 25 टक्के धरलं तर 5,85,000. औषधपाणी, आयाचा खर्च, येण्याजाण्याचं भाडं, वेदना, मधल्या काळातली बुडालेली कमाई हे वरून वेगळं. कंपनीचा प्रस्ताव पहिल्या आकड्याच्या आसपास घुटमळत होता. आम्ही नाही म्हटलं. ज्याच्या घरी चूल त्या पैशावर अडून आहे त्याने हो म्हटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

ट्रिब्युनलने 25 टक्के धरले. व्याज दावा दाखल केल्या तारखेपासून. रक्कम कंपनीने भरली, काही खात्यात आली, काही कोर्टाच्या आदेशाने एफडीत आहे. अपिलाला 90 दिवस असतात, ते सरेपर्यंत मला धाकधूक होती. गेलं नाही कोणी.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. पेशीची तारीख मुंशीकडून कळते, आणि मुंशी आदल्या संध्याकाळी कळवतो. दाव्याचा मसुदा टायपिस्टने केला त्यात माझं वय 57 पडलं होतं. साधी चूक वाटेल, पण 57 ला गुणक 9 आणि वाढ 10 टक्के, म्हणजे लाखांवर पाणी. ह्यांनी वाचलं म्हणून सापडलं. साहेब टायपिस्टवर चिडले, पण सही करायच्या आधी वाचायचं काम त्यांचंही होतंच की. मसुदा घरी आणा, चष्मा लावा, नाव, वय, तारीख, गाडी नंबर बोट ठेवून तपासा. बिलं मूळ देऊ नका, मागितली तर यादी करून तिच्यावर पोच घ्या.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो जागेसाठी: हाडं मोडलेल्यांचं ऑफिस आणि दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद, कठडा डाव्या हाताला. सकाळी जाऊ नका, साहेब कोर्टात असतात, संध्याकाळी सहानंतर भेटतात. पाय प्लास्टरमध्ये असेल तर खाली चहावाल्याच्या बाकावर बसा आणि पोऱ्याला वर पाठवा, ज्युनिअर फाईल घेऊन खाली येते.